कुरडया, वानरं आणि टाकीवरचा चेहरा

गहू तीन दिवस पाण्यात राहिला की त्याला एक आंबूस, किंचित दुधाळ वास सुटतो. फाल्गुन सरता सरता हा वास आमच्या इमारतीचा जिना चढू लागतो. पहिल्या मजल्यावरून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, तिथून गच्चीवर. आणि त्याच्या मागोमाग लेण्यांच्या डोंगराकडून वानरं उतरतात. वास त्यांच्यापर्यंत पोहोचतो की आमच्या लगबगीचा त्यांना सुगावा लागतो, हे मला आजवर उमगलेले नाही. एवढे मात्र खरे की कुरडयांचा पहिला घाणा आणि वानरांची पहिली फेरी यांत दोन दिवसांपेक्षा अधिक अंतर कधी पडले नाही.

गेल्या वर्षी या सुमारास माझ्याकडे एक हस्तलिखित आले होते. महाविद्यालयात तीस-बत्तीस वर्षे कविता शिकवून मी निवृत्त झाले होते आणि निवृत्त मराठीच्या प्राध्यापिकेकडे लोक दोनच गोष्टी घेऊन येतात, लग्नपत्रिकेचा मजकूर किंवा तपासायची वही. ही वही प्राणिशास्त्राच्या एका जुन्या सहकाऱ्यांची होती. विषय होता वानरकुलातील आणि माणसातील आक्रमकता व वर्चस्व. विज्ञान त्यांचे, भाषा मी पाहायची, असे ठरले. उन्हाळा होता, वाळवण होते, राखण करायची होती. मी वही घेऊन गच्चीवर जाऊ लागले.

गच्चीवर सावली एकच, पाण्याच्या काळ्या टाकीची. त्या सावलीत आम्ही दोघी बसायचो, मी आणि आमच्या वॉचमनची बायको. तळमजल्यावर पार्किंगच्या कडेला एक खोली आहे, तिथे ती, तिचा नवरा आणि दहावीतली मुलगी सहा वर्षांपासून राहत होती. माहेर चितेगावच्या पलीकडचे, मेंढरांमागे हिंडणाऱ्यांचे. नवरा फाटकावर बसायचा, ही इमारतीतल्या दोन घरची धुणीभांडी करायची. माझ्याकडे कामाला ती नव्हती, फक्त वाळवणाच्या दिवसांत मदतीला यायची. चीक शिजवताना तिचा दंड गोल फिरत राहायचा, एका लयीत, आणि मला त्या लयीचा हेवा वाटायचा. सोऱ्या दाबला की पांढऱ्या तारांची वाफाळती वेटोळी कापडावर उतरायची. पहिली अर्धी कुरडई आम्ही ओलीच खायचो, तेल लावून.

ती डोंगराकडे तोंड करून बसायची, मी वहीकडे. आमच्या पाठी एकमेकींना टेकलेल्या असायच्या, कारण सावली तेवढीच होती.

वानरं कठड्यावर आली की ती उठायचीही नाही. घशातून एक आवाज काढायची. हुर्र असा सुरू होऊन पोटात कुठे तरी संपणारा. मेंढरांमागचा आवाज तो. टोळीतला काळतोंड्या नर दात करकर वाजवायचा, माद्या पिलांना पोटाशी घ्यायच्या आणि सगळी मंडळी पलीकडच्या आंब्यावर निघून जायची. माझ्या आवाजाचे कौतुक सगळ्या संभाजीनगरात झालेले आहे. कवितावाचनाला, सूत्रसंचालनाला, शोकसभेलाही. परंतु ती अकरा वाजता भांडी घासायला खाली गेली आणि मी "जा! जा बरं!" असे म्हटले, तेव्हा वानरांनी माझ्याकडे जरा पाहून कुरडयांच्या दोन ओळी शांतपणे संपवल्या.

वहीतले काही तिला वाचून दाखवायची मला सवय लागली होती.

"हे बघ, यात लिहिलंय, या आपल्या वानरांत तरुण माद्या वरचढ असतात. वय वाढलं की मान कमी होतो."

"आमच्यात उलटं हाय," ती म्हणाली. "म्हणून तर सासू सोडून मी इथं आले."

दुसऱ्या दिवशी मी वळवलेल्या आक्रमकतेचे प्रकरण वाचत होते. थोरल्याकडून मार खाल्लेले माकड थोरल्याला उलटून मारत नाही, ते जवळच्या धाकट्यावर झडप घालते. तो धाकटा त्याहून धाकट्यावर. मी तिला सोप्या शब्दांत सांगितले.

"ह्ये लिवायला कालिजात जावं लागतं व्हय?" तिने डोंगरावरची नजर न काढता विचारले. मग थोड्या वेळाने म्हणाली, "आन् सगळ्यात धाकटा कुणाला मारतो?"

मी पाने चाळली. "ते लिहिलेलं नाही."

"मंग अर्धंच लिवलंय."

मी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आणि पुढच्या पानावर गेले. पुढच्या पानावर नजरेविषयी होते. रोखून पाहणे ही वानरकुलात धमकी असते. थेट, न हलणारी नजर दिसली की दुबळा प्राणी मान वळवतो. मी पेन्सिल खाली ठेवली. विज्ञानाने मला क्वचितच काही उपयोगाचे सांगितले होते, आणि आज ते थेट कुरडयांच्या बाजूने बोलत होते.

तिच्या खोलीबाहेर धुण्याच्या दगडावर सावलीसाठी तिने एक जुना फ्लेक्स बांधला होता. क्रांती चौकात वाढदिवसांचे फलक उतरतात, तेव्हा अर्धे शहर ते घरी नेते. कुणी कोळशावर टाकते, कुणी स्कूटरवर, कुणी गळक्या पत्र्यावर. तिच्या फ्लेक्सची पांढरी बाजू खाली अंगणाकडे होती. मी कड उलटून वरची बाजू पाहिली. चार हात रुंद चेहरा. हाताची घडी, बोटांत अंगठ्या, काळ्याभोर मिशा आणि समोरच्याला जागच्या जागी खिळवणारे डोळे. खाली शुभेच्छुकांचे चेहरे, मानाप्रमाणे मोठ्याकडून लहान होत गेलेले. शेवटच्या ओळीतले तर तिकिटाएवढे. वहीतले एक अख्खे प्रकरण इथे छापून मिळाले होते.

"हा मला दे," मी म्हटले. "टाकीला बांधू. डोंगराकडे तोंड करून. या डोळ्यांना वानरं घाबरतील."

तिने पदराने घाम पुसला. "मॅडम, ह्यो माणूस लई मोठा हाय. पोरं असत्यात त्याची. म्हणून मी तोंड आडोशाला केलंय."

"अगं, गच्चीवर कोण बघतंय?"

"वानरं बघत्याल की."

"वानरांसाठीच लावतोय."

ती हसली नाही. दोरी आणली, शिडी आणली आणि तो चेहरा टाकीवर चढवला, कारण मी सांगितले होते.

पहिला दिवस विज्ञानाचा होता. वानरं आंब्यावर आली, थबकली, तिथूनच परतली. दुसऱ्या दिवशी ती कठड्यापर्यंत आली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी वर गेले तर थोरला नर टाकीवर बसून शेंग सोलत होता आणि त्याची लांब शेपटी त्या चेहऱ्याच्या बरोबर मधोमध, कपाळावरून नाकावरून मिशांपर्यंत, लोंबत होती. वारा आला की ती थोडी हलायची, चेहऱ्याला गुदगुल्या करत असल्यासारखी. मी मोठ्याने हसले. हसायला नको होते, कारण त्याच वेळी मागच्या रस्त्यावर कुणी तरी मोबाइल वर धरून उभे होते.

रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास सात मोटारसायकली फाटकाशी आल्या. मी स्वयंपाकघरात दुसऱ्या घाण्याचा चीक ढवळत होते. सायलेन्सरचे फुटके आवाज भिंतीतून भांड्यात उतरले, चिकाच्या सायीवर बारीक थरथर उमटली. मी बाल्कनीत आले.

सोसायटीचे अध्यक्ष खाली गेले होते. सरकारी खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले गृहस्थ. चालताना हात मागे बांधतात आणि पार्किंगमध्ये चुकीच्या जागी गाडी दिसली तर तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाते. त्यांनी फाटकाशी जाईपर्यंत छाती पुढे काढलेली होती. पोरांनी मोटारसायकली पुन्हा एकदा जागच्या जागी गुरगुरवल्या आणि छाती मूळ ठिकाणी गेली.

"दादांचा फोटो वानरांला बसायला लावला का?" पुढचा पोरगा म्हणाला. त्याने मोबाइल अध्यक्षांच्या नाकासमोर धरला. "सगळ्या ग्रुपवर फिरायलाय. मजाक वाटली का?"

अध्यक्ष हसले. वरच्या-खालच्या दातांच्या पूर्ण ओळी दिसल्या. वहीत लिहिले होते की पुष्कळ माकडांमध्ये असे दात दाखवणे म्हणजे हसू नव्हे, शरणागती. मी ते वाक्य आदल्याच दिवशी दुरुस्त केले होते.

"छे, छे. आमच्या लोकांना काही कल्पनाच नाही. आमच्या वॉचमनची बायको आहे, तिनं कुठून तरी आणला. अडाणी बाई. काय करणार?"

"कुठंय ती?"

ती धुण्याच्या दगडापाशी उभी होती. आता तिथे सावली नव्हती.

"तू लावलास गं?" अध्यक्ष ओरडले. तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणारा आवाज परत आला होता. "कुणाला विचारून लावलास? सोसायटी काय तुझ्या बापाची आहे?"

तिने वर पाहिले. माझ्या बाल्कनीकडे. अगदी क्षणभर, आणि मग तिने मान खाली घातली. "लावला," ती म्हणाली. एवढेच.

"मंगळवारपर्यंत खोली रिकामी करायची. कळलं? मंगळवारी दादा येतील, तेव्हा मी स्वतः त्यांना सांगतो." मग ते पोरांकडे वळून पुन्हा हसले.

त्या वेळी मी काय करत होते, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. माझ्या दोन्ही हातांना चीक लागला होता, कोपरापर्यंत, गरम आणि चिकट. असे हात घेऊन खाली कसे जायचे, हा विचार मी करत होते. मी आत गेले, नळ सोडला आणि हात धुतले. चीक थंड पाण्याने लवकर निघत नाही. तो निघेपर्यंत मोटारसायकली गेल्या होत्या. नंतर जिन्यातून अध्यक्षांचा आवाज आला. ते वॉचमनला झापत होते. आणि रात्रीच्या जेवणाआधी तळमजल्यावरून वॉचमनचा आवाज आला. तो तिला झापत होता. वहीतला उतरता जिना आमच्याच जिन्यातून उतरत होता, पायरी न चुकवता.

मुलीचा बुधवारी भूमितीचा पेपर होता. हे मला ठाऊक होते, कारण कंपास माझ्याकडूनच नेला होता.

सोमवारी सकाळी मी अध्यक्षांना पत्र लिहायला बसले. समोर जाऊन बोलण्यापेक्षा लिहिणे अधिक शिष्टसंमत, असे मी ठरवले. पहिल्या मसुद्यात मी "अनवधानाने" लिहिले. ते खोटे होते, कारण अवधान पुरेपूर होते. "सद्हेतूने" लिहिले, ते गर्विष्ठ वाटले. दुपारपर्यंत तीन मसुदे झाले. प्रत्येक आधीच्यापेक्षा सुरेल होता आणि तिन्हींत "मी" हा शब्द चौथ्या ओळीआधी येत नव्हता. खिडकीतून खाली पाहिले तर ती स्टीलचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तिची मुलगी पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून वर्तुळे काढत होती.

संध्याकाळी जिन्यात अध्यक्ष भेटले. मी म्हटले, "त्या बाईला निदान परीक्षेपर्यंत तरी राहू द्या."

"मॅडम, तुम्ही कवी माणसं," ते प्रेमाने म्हणाले. "कुणावर तरी यायलाच हवं होतं. तुमच्या-माझ्यावर आलं असतं, तर?"

मी त्यांच्याकडे पाहून हसले. दात दाखवून. हे मला वर आल्यावर, आरशासमोर, पुन्हा करून पाहिल्यावर समजले.

मंगळवारी चार वाजता दादा आले. पांढऱ्या गाडीतून, मागे सात मोटारसायकली. खोलीसमोर गाठोडी रांगेने ठेवलेली होती. गादीची, भांड्यांची, पुस्तकांची. ती गाठोड्यांपाशी उभी होती आणि वॉचमन फाटकाशी नको तितका ताठ उभा होता. अध्यक्ष पुढे झाले. मी मसुदे टेबलावरच ठेवून जिना उतरले. साठ पायऱ्या आहेत. मला कधी मोजाव्या लागल्या नव्हत्या.

"तो फलक मी लावायला सांगितला," मी म्हणाले. माझा आवाज नीट लागला होता, याची मला आजही लाज वाटते. "ती नको म्हणत होती. वानरं घाबरावीत म्हणून मीच लावायला लावला. तिचा काही दोष नाही. दोष माझा आहे."

दादांनी माझ्याकडे रोखून पाहिले. डोळे फलकावर होते तसेच होते. मग ते एकदम मऊ झाले.

"मॅडम? तुम्ही होय!" ते म्हणाले. "ओळखलं नाय का? बारावीला मराठीला होत्या तुम्ही आम्हाला. मला वर्गाबाहेर काढलं होतं तुम्ही. तीनदा!"

मला तो मुलगा आठवला नाही. मी इतक्यांना बाहेर काढले होते. मी मान हलवली, आठवल्यासारखी.

दादा वाकले आणि माझ्या पाया पडले. अंगठ्या माझ्या चपलांवर खटकन वाजल्या. "पोरांनो, पाया पडा मॅडमच्या," ते म्हणाले आणि सातही माना एकामागून एक खाली आल्या. ज्या क्रमाने मोटारसायकली लागल्या होत्या त्याच क्रमाने.

"मॅडमनी लावला म्हंजे मान झाला ना आपला," दादा आता सगळ्यांना सांगत होते. "कुठं लावला? टाकीवर! सगळ्यात उंच! आन् वर कोण बसलं? मारुतीराया! त्याची शेपटी डोक्यावरून फिरली आपल्या. ह्याच्याहून चांगला आशीर्वाद असतो का?"

"मी रविवारपासून तेच म्हणतोय," अध्यक्ष म्हणाले.

"तो फोटो मीच टाकतो आता ग्रुपवर," पुढचा पोरगा म्हणाला.

तोच फलक, तोच वानर, तीच शेपटी. दोन दिवसांपूर्वी तो एका बाईचे घर उठवणारा गुन्हा होता, आणि आता माझ्या हातून गेल्यामुळे तो सन्मान झाला होता. कबुली द्यायला निघताना मी मनात बरीच शिक्षा सोसून घेतली होती. त्यातली एकही मला मिळाली नाही. मिळायचीच नव्हती. जे बोलायला मला काहीही किंमत मोजावी लागणार नव्हती, ते न बोलण्यासाठी मी दोन दिवस शब्द निवडत बसले होते.

"या बाईंना उगाच त्रास झाला," मी म्हणाले.

"नाय नाय, वहिनीला कोण काय म्हणतंय?" दादा तिच्याकडे वळले. "वहिनी, मॅडम आल्यात, च्या ठेवा की सगळ्यांला."

अध्यक्षांनीही हात हलवला. "हो, हो. ठेव चहा. राहा आता. झालं ते झालं."

ती गाठोड्यांपाशी खाली बसली. भांड्यांच्या गाठोड्याची गाठ पक्की मारलेली होती. ती सोडवायला वेळ लागला. तिने दात लावून सोडवली. वर्तमानपत्र उलगडून एक-एक कप बाहेर काढला, धुतला, गॅस जोडला. आले ठेचल्याचा वास सुटला. दहा कप झाले. माझा तिने सगळ्यांत आधी दिला आणि माझ्याकडे पाहिले नाही. मी चहा घेतला. चांगला झाला होता.

दादा जाताना म्हणाले, पुढच्या वाढदिवसाचा नवा फ्लेक्स तुमच्याच टाकीसाठी पाठवतो, याच्या दुप्पट.

मोटारसायकली वळल्यावर मी तिच्या खोलीपाशी गेले. ती गादी आत ओढत होती. मी दुसरे टोक धरायला वाकले.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. मग आवाज न चढवता, "ही बात तुमी आयतवारीच बोल्ल्या असत्या, तर दोन दिस पोरीला बॉनेटवर अभ्यास करावा लागला नसता."

मी हो म्हणाले. यापेक्षा चांगला शब्द मला मिळाला नाही.

वहीत समेटाविषयी एक प्रकरण आहे. भांडणानंतर माकडे पुन्हा जवळ येतात, एकमेकांच्या केसांतून बोटे फिरवतात, अंगाला अंग लावून बसतात. त्या रात्री मी ते तपासून संपवले. भाषेची चूक एकही नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुलगी भूमितीचा पेपर द्यायला गेली आणि ती गच्चीवर आली. न येण्यासारखे काही नव्हते, राखणीचे काम ठरलेले होते. फलक आम्ही उतरवलेला नव्हता, आता तो उतरवण्याची कुणाची छाती नव्हती. मी टाकीच्या सावलीत नेहमीच्या जागी बसले. ती टाकीला वळसा घालून पलीकडे गेली. पलीकडे ऊन होते. तिने डोक्यावर पदर ओढल्याची सळसळ मला ऐकू आली. माझ्या पाठीला टाकीचे गरम प्लास्टिक लागले.

दहाच्या सुमारास आंब्यावरून एक मादी कठड्यावर उतरली. तरुण होती, पोटाशी काळे पिलू होते. तिने फलकाकडे पाहिले नाही. कापडाच्या कडेला बसून तिने एक कुरडई उचलली, हुंगली, कडकन मोडली. मी टाकीपलीकडच्या आवाजाची वाट पाहिली. घशातून निघणाऱ्या, पोटात संपणाऱ्या. तो आला नाही. ती जागी होती, तिच्या बांगड्या किणकिणत होत्या.

मादीने दुसरी कुरडई घेतली. मग तिसरी, पिलासाठी.

"जा!" मी म्हणाले. उभी राहिले, हात हलवले. "जा बरं! हाड!" माझ्या आवाजात श्वास, वजन, चढउतार सगळे होते. वानरीने मान वर केली, मला नीट न्याहाळले आणि पुन्हा खायला लागली.

"तुमच्या आवाजाला नाय भेत ती, मॅडम," टाकीपलीकडून ती म्हणाली.

मी बसले. ऊन टाकीभोवती हळूहळू सरकत होते आणि आम्ही दोघी, तिकडे ती नि इकडे मी, कुरडयांची ओळ संपताना ऐकत राहिलो.